व्हॅम्पायरच्या घरात भांडी कोण घासणार? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ‘व्हॉट वुई डू इन द शॅडोज’ या मालिकेवर मी अर्धं पानच लिहिलं होतं, आणि त्यावर इतके प्रश्न आलेत की बाकी सगळे विषय पुढच्या महिन्यावर ढकलून यावेळचं अख्खं सदर याच मालिकेला द्यायचं ठरवलं. ज्यांनी मागचा अंक वाचला नाही त्यांच्यासाठी एका दमात सांगते, न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर एका जुन्या पडक्या बंगल्यात चार व्हॅम्पायर राहतात, त्यांच्याबरोबर त्यांची सेवा करणारा एक माणूस राहतो, आणि एक कॅमेरावाली टीम त्यांच्यावर डॉक्युमेंटरी बनवतेय, एवढीच गोष्ट. एफएक्स चॅनलवर मार्च २०१९ मध्ये सुरू झाली, डिसेंबर २०२४ मध्ये संपली, ६ सीझन, ६१ भाग. आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : ही मालिका एका पिक्चरवरून घेतलीय असं वाचलं. मग आधी पिक्चर बघू का? दोन्हीकडे तेच लोक आहेत का? मला सीझनच्या सीझन बघून मग कळायला नको की मूळ गोष्टच राहिली.

पिक्चर आधी बघा, पण समजण्यासाठी गरज आहे म्हणून नाही, तो दीड तासात संपतो आणि फार गोड आहे म्हणून. न्यूझीलंडचा पिक्चर आहे, २०१४ चा, जेमेन क्लेमेंट आणि टायका वाइटीटी या दोघांनी मिळून लिहिला, दोघांनीच दिग्दर्शित केला आणि दोघांनी त्यात कामही केलं. त्याच्याही आधी २००५ साली त्यांनी याच कल्पनेवर एक छोटी फिल्म केली होती, म्हणजे बघा किती वर्षं ही गोष्ट त्यांनी उराशी धरून ठेवली होती.

पिक्चरमध्ये वेलिंग्टन शहरात फ्लॅट शेअर करून राहणारे व्हॅम्पायर आहेत. वायागो ३७९ वर्षांचा, व्लादिस्लाव ८६२ वर्षांचा, डीकन १८३ वर्षांचा म्हणजे त्यांच्यातला पोरगा, आणि तळघरात ८००० वर्षांचा पीटर, जो काहीच बोलत नाही. आणि सुरुवातीलाच घरात मीटिंग बसते ती कशासाठी, तर डीकनची भांडी घासायची पाळी होती आणि त्याने पाच वर्षं भांडी घासलेली नाहीत! रक्ताने माखलेली भांडी सिंकमध्ये ढीग लागून पडलेत आणि वायागो बिचारा अगदी समजुतीच्या सुरात विषय काढतोय. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिथेच माझं ठरलं की हा पिक्चर माझा. कारण अमर झालात, उडता येतं, वटवाघूळ होता येतं, सगळं खरं, पण चार जण एका छताखाली राहिले की भांडणं शेवटी भांड्यांवरूनच होणार.

मालिकेत यातलं कोणीही मुख्य पात्र नाही. घर नवीन, शहर नवीन, देश नवीन, माणसं नवीन. नँडोर (केव्हन नोवाक), लाझलो (मॅट बेरी), नाद्या (नटासिया डिमिट्रिऊ), कॉलिन रॉबिन्सन (मार्क प्रॉक्श) आणि यांचा सेवक गिलेर्मो (हार्वी गियेन). फक्त नियम तेच ठेवले. आमंत्रण दिल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकता येत नाही, ऊन लागलं की भस्म, क्रॉस चालत नाही, आरशात दिसत नाही. मला वाटतं पिक्चरवरून मालिका करणाऱ्यांनी इथेच डोकं लावलं. हिट झालेली पात्रं ओढून ताणून लांबवली असती तर दहाव्या भागात दम निघाला असता. त्यांनी घराची कल्पना उचलली आणि माणसं नव्याने जन्माला घातली. जुने लोक एका भागापुरते भेटतात तेव्हा मग आनंद होतो, पहिल्या सीझनचा सातवा भाग बघा, ‘द ट्रायल’, त्यात व्हॅम्पायरांचं कोर्ट भरतं आणि पिक्चरमधले तिघेही तिथे बसलेले असतात. त्यांच्या शेजारी टिल्डा स्विंटन, डॅनी ट्रेहो, पॉल रुबेन्स, इव्हान रेचल वुड, म्हणजे ज्यांनी ज्यांनी आधी कुठल्या ना कुठल्या पिक्चरमध्ये नाहीतर मालिकेत व्हॅम्पायरांच्या गोष्टीत काम केलंय ते सगळे, स्वतःच्याच नावाने. वेस्ली स्नाइप्स तर व्हिडिओ कॉलवरून हजर असतो आणि कनेक्शन धड नसतं. हा भाग बघताना मी खरंच टाळ्या वाजवल्या होत्या, एकटी बसून.

प्रश्न : आरशात जे दिसत नाहीत ते कॅमेऱ्यात कसे दिसतात? नवऱ्याशी पैज लागलीय, नीट उत्तर द्या.

ताई, पैज तुम्ही दोघंही हरलात नि दोघंही जिंकलात, कारण मालिका याचं उत्तर देत बसत नाही. चाहते लोक एक स्पष्टीकरण देतात ते मला आवडतं, की जुन्या आरशांना मागून चांदीचा लेप असायचा आणि चांदी असल्या जिवांना वर्ज्य, म्हणून आरशात दिसत नाहीत, आणि डिजिटल कॅमेऱ्यात चांदीचा संबंधच नाही, म्हणून तिथे दिसतात. पटलं तर घ्या.

पण खरा मुद्दा वेगळा आहे. कॅमेरा ही या मालिकेतली फक्त सोय नाहीये. याला मॉक्युमेंटरी म्हणतात, म्हणजे खोटी डॉक्युमेंटरी, पात्रं कॅमेऱ्याकडे बघून मुलाखत देतात आणि मग लगेच त्यांनी सांगितलेलं किती खोटं होतं ते आपल्याला दिसतं. नँडोर कॅमेऱ्यासमोर मी किती क्रूर योद्धा होतो ते सांगणार, आणि पुढच्याच शॉटमध्ये तो दुकानात कागद विकत घ्यायला गेलेला असतो. पहिल्याच भागात आहे हे, घरी मोठा पाहुणा येणार म्हणून सजावटीला क्रेप पेपर घ्यायचा असतो, आणि हा पाटी वाचतो ‘क्रीपी पेपर’, म्हणजे भीतीदायक कागद, आणि खूश होतो की वा, आपल्यासाठीच ठेवलाय! शेकडो वर्षांचा सेनापती, खांद्यावर केसाळ झूल, आणि हातात झालरीचा कागद. कॅमेरा जरा लांबून, जरा हलत, चोरून बघितल्यासारखा बघतो म्हणून हे खरं वाटतं. तोच सीन सरळ साध्या पद्धतीने, मागे म्युझिक लावून घेतला असता तर पोरकट झाला असता.

प्रश्न : आमच्या ऑफिसात एक जण आहे तो जागेवर येऊन उभा राहिला की माझी अर्धी ताकद जाते. तो कोणाला वाईट बोलत नाही, उलट हसून बोलतो. मुलीने कॉलिन रॉबिन्सन दाखवला आणि म्हणाली बाबा हाच तुमचा तो. हे पात्र कुणाच्या डोक्यातून आलं असेल? मी इतका कधी हसलो नव्हतो आणि इतका घाबरलोही नव्हतो.

काका, तुमचं पत्र वाचून मला इतकं बरं वाटलं ना, कारण माझ्या मते या मालिकेने पिक्चरमध्ये जी सगळ्यात मोठी भर घातली ती म्हणजे कॉलिन. पिक्चरमध्ये असलं पात्रच नाही.

आपल्या भाषेत याला किती शब्द आहेत बघा, डोकं खातो, पकवतो, पीळ मारतो, रक्त आटवतो. रक्त आटवतो! मालिकेने तेवढंच केलं, हा वाक्प्रचार शब्दशः खरा करून दाखवला. कॉलिन हा एनर्जी व्हॅम्पायर, तो रक्त पीत नाही, माणसाची उमेद पितो. त्याला उन्हाचा त्रास नाही, शवपेटी लागत नाही, तो रोज सकाळी फिक्या रंगाचा स्वेटर घालून ऑफिसला जातो आणि तिथे क्यूबिकलच्या कडेला उभा राहून लोकांना काहीतरी सांगत राहतो. आवाज एकाच पट्टीत. समोरच्याचे डोळे जड होतात, मान कलते, आणि त्याच वेळी कॉलिनचे डोळे क्षणभर चमकतात, एवढाच काय तो इफेक्ट. पहिल्याच भागात तो स्वतः सांगतो की आमची जात सगळ्यात जास्त आढळते, आणि हे ऐकल्यावर बघणाऱ्या प्रत्येकाला आपल्या ओळखीतला एक चेहरा आठवतो. तुम्हाला आठवला, मलाही आठवला.

मार्क प्रॉक्शचं काम नीट बघा, तो कुठेही मुद्दाम कंटाळवाणा होत नाही. त्याला मनापासून वाटतं की आपण माहिती देतोय, मदत करतोय. आणि म्हणूनच त्याला थांबवता येत नाही, कारण जो वाईट बोलत नाही त्याला काय म्हणून थांबवणार? तुमच्या त्या सहकाऱ्याचंही हेच आहे ना. दुसऱ्या भागात कॉलिन नगर परिषदेच्या मीटिंगला जातो, ती तर त्याच्यासाठी पंगतच, एवढे सगळे दमलेले लोक एका खोलीत आणि माइक सगळ्यांना मोकळा. पहिल्या सीझनमध्येच त्याला एक बाई भेटते, व्हनेसा बेयरने केलीय, ती इमोशनल व्हॅम्पायर असते, स्वतःची दुःखं सांगून सांगून समोरच्याला पिळून काढणारी, आणि दोघांचं जुळतं. आणि दुसऱ्या सीझनमध्ये त्याला ऑफिसात प्रमोशन मिळतं तो भाग तर तुम्ही चुकवूच नका, कारण साहेब झाल्यावर त्याच्या जोक्सवर लोकांना हसावंच लागतं, त्याची गोष्ट ऐकावीच लागते, आणि त्याची ताकद इतकी वाढते की घरातल्या खऱ्या रक्त पिणाऱ्यांनाही तो भारी पडतो. सत्ता हातात आली की पकाऊ माणसाचं काय होतं हे त्या अर्ध्या तासात जितकं कळतं तितकं कुठल्या मॅनेजमेंटच्या पुस्तकात कळणार नाही असं मला अगदी मनापासून वाटतं.

आणि एवढं सगळं झाल्यावर तिसऱ्या सीझनच्या शेवटी त्याच्यासाठीच डोळ्यात पाणी येतं. (पुढचं थोडं रहस्य फोडणारं आहे, ज्यांनी बघितलं नाही त्यांनी हा परिच्छेद सोडा.) त्याला शंभर वर्षं होतात आणि तो मरतो, एनर्जी व्हॅम्पायरचं आयुष्यच तेवढं, आणि मग त्याच्याच देहातून एक बाळ निघतं. चौथ्या सीझनमध्ये त्या पोराला कोण वाढवतं तर लाझलो, ज्याला आयुष्यात स्वतःच्या सुखापलीकडे काही दिसलेलं नाही. लहान मुलाच्या अंगावर प्रॉक्शचा चेहरा बसवलाय, आधी विचित्र वाटतं, मग सवय होते. लाझलो त्याला शिकवतो, त्याचे हट्ट पुरवतो, त्याच्या मागे धावतो. आणि सीझन संपताना पोरगा मोठा होतो, परत तोच जुना कॉलिन होतो, आणि त्याला यातलं काहीच आठवत नाही. लाझलोचा चेहरा बघा त्या वेळी. मुलं वाढवलेल्या माणसाला तो चेहरा वेगळा समजावून सांगायला लागत नाही.

प्रश्न : एकच भाग बघून ठरवायचं असेल तर कोणता? वेळ कमी आहे.

दुसऱ्या सीझनचा सहावा, ‘ऑन द रन’. लाझलोचा एक जुना घरमालक दारात येतो, जिम नावाचा व्हॅम्पायर, आणि हे काम केलंय मार्क हॅमिलने, म्हणजे स्टार वॉर्समधला ल्यूक. शंभर दीडशे वर्षांपूर्वी लाझलोने त्याचं भाडं बुडवलेलं असतं. जिम म्हणतो द्वंद्व कर, आणि लाझलो पळून जातो पेन्सिल्व्हेनियात, तिथे नाव बदलून जॅकी डेटोना होतो आणि एक बार चालवायला लागतो. वेशांतर म्हणजे काय केलं असेल? जीन्स घातली आणि तोंडात एक टूथपिक धरली. बस. आणि गावात कोणी म्हणजे कोणी ओळखत नाही, आणि तो तिथल्या शाळेच्या मुलींच्या व्हॉलीबॉल टीमच्या मागे असा जीव तोडून उभा राहतो की विचारू नका.

त्या टूथपिकवर मी खूप विचार केलाय. मॅट बेरीने आवाज बदललेला नाही, चालणं बदललेलं नाही, काहीच बदललेलं नाही, आणि म्हणूनच ती काडी इतकं काम करते. समोर जिम बसलेला असतो, नाकासमोर, आणि त्यालाही ओळखू येत नाही, जोवर ती काडी तोंडात आहे तोवर. एक साधी लाकडी काडी, आणि अख्खा सीन तिच्यावर उभा. हा भाग आवडला नाही तर मालिका सोडून द्या, तुमचा आमचा काही राग नाही.

प्रश्न : सगळे म्हणतात ही विनोदी मालिका आहे. मला मात्र गिलेर्मोचं बघून रडूच येतं. मी अकरा वर्षं एका ठिकाणी काम केलं, दर वर्षी पुढच्या वर्षी बघू असं सांगायचे. मी ही मालिका चुकीची बघतेय का?

नाही हो ताई. तुम्ही अगदी बरोबर बघताय, आणि तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गिलेर्मो हा नँडोरचा ‘फॅमिलियर’, म्हणजे व्हॅम्पायरचा मानवी सेवक. शवपेटीचं झाकण उघडायचं, मालकाचे केस विंचरायचे, मेलेल्यांची विल्हेवाट लावायची, खिडक्यांतून ऊन येणार नाही ते बघायचं, आणि बदल्यात एकच आशा, की एक दिवस मालक आपल्यालाही चावेल आणि आपणही त्यांच्यातले होऊ. लहानपणी त्याने ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’ पिक्चरमध्ये अँटोनियो बँडेरासला बघितलेलं असतं, आपल्यासारखा दिसणारा, आपल्या भाषेच्या लोकांतला व्हॅम्पायर, आणि तेव्हापासून त्याने हे मनात धरलंय. हे तो पहिल्याच भागात सांगतो, अगदी लाजत, स्वेटरची बाही सारखी करत बोलावं तसं.

त्याच भागात त्याच्या नोकरीला दहा वर्षं पूर्ण होतात. त्याला वाटतं आजच. सकाळपासून त्याच्या चालण्यात फरक पडलेला असतो. आणि मग नँडोर त्याला भेट देतो, स्वतःच्या हाताने केलेलं, चमकी लावलेलं दोघांचं एक चित्र. आता इथे हार्वी गियेन काय करतो ते बघा, तो रडत नाही, चिडत नाही. तो ते चित्र बघतो, हसतो, थँक यू म्हणतो, आणि मग एक नजर कॅमेऱ्याकडे टाकतो. अर्ध्या सेकंदाची. तुम्हाला त्या ‘पुढच्या वर्षी बघू’ च्या वेळी कॅमेरा नव्हता ताई, एवढाच फरक.

मला इथेच मालिका पिक्चरच्या पुढे गेली असं वाटतं. पिक्चरमध्येही एक सेवक बाई आहे, डीकनची, तीही वाट बघतेय, पण ती बाजूला आहे. मालिकेने मात्र जो मरणारा आहे, ज्याच्याकडे कसलीच शक्ती नाही, त्यालाच मधोमध आणून बसवलं. चार अमर लोकांना घाई कसलीच नाही, त्यांच्यासाठी दहा वर्षं म्हणजे दुपारची झोप. घड्याळ चालू आहे ते फक्त गिलेर्मोचं. नँडोर दुष्ट नाही हो, त्याला खरंच कळत नाही की माणसाचं आयुष्य एवढंसंच असतं, आणि हे न कळणं दुष्टपणापेक्षा जास्त दुखतं.

आणि मग मालिका त्याला काय देते, तर पहिल्या सीझनच्या शेवटी कळतं की तो व्हॅन हेल्सिंगचा वंशज आहे, म्हणजे व्हॅम्पायरांचा वध करणाऱ्या घराण्यातला! ज्यांच्यासारखं व्हायचंय त्यांनाच मारायचं त्याच्या रक्तात आहे. तिसऱ्या सीझनमध्ये तो त्यांचा बॉडीगार्ड होतो. पाचव्यात त्याला हवं होतं ते मिळतंसुद्धा, पण नँडोरकडून नाही, एका ओळखीच्याकडून, पैसे देऊन. आणि मिळाल्यावर कळतं की माणूस मारणं आपल्याला जमत नाही. तो परत माणूस होतो, आणि त्यात मदत करतो नँडोरच. सहाव्या सीझनमध्ये तो बाहेर नोकरी शोधतो, स्वतःची जागा शोधतो.

तुम्ही अकरा वर्षांनी काय केलंत ते पत्रात लिहिलं नाही. लिहावंसं वाटलं तर लिहा, मी छापणार नाही, फक्त वाचेन.

प्रश्न : सासूबाई आणि आठवीतला मुलगा यांच्याबरोबर बसून बघता येईल का?

नाही. शिव्या भरपूर, रक्त भरपूर, आणि लाझलो-नाद्या नवराबायको काय बोलतील याचा नेम नाही. मुलाला हवं असेल तर ‘वेलिंग्टन पॅरानॉर्मल’ शोधा, तीही याच पिक्चरमधून निघालेली दुसरी मालिका, न्यूझीलंडमध्ये २०१८ ते २०२२ चालली. पिक्चरमध्ये दोन पोलीस घरात येतात आणि समोर काय चाललंय ते त्यांना दिसतच नाही, धूर येतोय तर स्मोक अलार्म लावा म्हणतात, ते दोघं या मालिकेचे हिरो. कॅरन ओलिरी आणि माइक मिनोग, पात्रांची नावंही ओलिरी आणि मिनोगच. ओलिरी बाई प्रत्यक्षात लहान मुलांच्या शिक्षिका, आणि भुतंखेतं पकडताना त्यांचा सूर अगदी बालवाडीच्या बाईंसारखा शांत असतो. सौम्य आहे, पण आधी तुम्ही एक भाग बघा मग ठरवा.

प्रश्न : पिक्चरवरून भुताची विनोदी मालिका काढायचं हे नवीन खूळ आहे का? आमच्या वेळी पिक्चर तो पिक्चर असायचा.

आजोबा, तुमच्याही वेळी होतं! अमेरिकेत ‘टॉपर’ म्हणून १९३७ चा पिक्चर होता, कॅरी ग्रँट आणि कॉन्स्टन्स बेनेट, एक हौशी जोडपं अपघातात जातं आणि भूत होऊन एका सरळमार्गी बँकवाल्या गृहस्थाच्या मागे लागतं. त्याची मालिका १९५३ ते १९५५ टीव्हीवर चालली, आणि तिचे बरेच भाग लिहिले होते तेव्हा विशीतल्या स्टीफन सॉन्डहाइमने, जो पुढे संगीत नाटकांतला केवढा मोठा माणूस झाला. मालिकेत एक भूत झालेला सेंट बर्नार्ड कुत्राही होता, दारूचा शौकीन.

मग ‘द घोस्ट अँड मिसेस म्यूर’. १९४७ चा पिक्चर, एका विधवेचं आणि मेलेल्या जहाजाच्या कप्तानाचं प्रेम, बघून छातीत कळ येते असा. त्याची १९६८ मध्ये विनोदी मालिका झाली, दोन वर्षं चालली, नायिका होप लँगला दोन्ही वर्षं एमी, म्हणजे अमेरिकेतला टीव्हीचा सगळ्यात मोठा पुरस्कार, मिळालं. आणि बघा हं, पिक्चरमधलं इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं घर मालिकेत अमेरिकेतल्या मेन राज्यात नेलं. पुढे वेलिंग्टनचं घर स्टेटन आयलंडला नेलं तसंच. (शूटिंग तिकडेही नाही झालं, ते कॅनडात टोरोंटोला.) भूत नेता येतं, घर हलवता येतं, पण त्या घरात एक जिवंत माणूस लागतोच. टॉपर, मिसेस म्यूर, गिलेर्मो. तो नसेल तर भुतांकडे बघायचं कुणाच्या डोळ्यांनी?

प्रश्न : आम्ही कॉलेजचे पाच जण भुताची विनोदी एकांकिका लिहितोय. वाचन केलं तर कोणी हसलंच नाही. या मालिकेतून काय उचलावं?

तुम्ही संहिता पाठवली होती ती वाचली. तुमचं भूत पहिल्या पानावर भिंतीतून जातं, तिसऱ्या पानावर त्याला दार उघडता येत नाही म्हणून जोक आहे, आणि पाचव्या पानावर परत भिंतीतून जातं. इथेच हसू मेलं. नियम पाळा. या मालिकेत आमंत्रणाशिवाय आत येता येत नाही म्हणजे नाही, मग कितीही घाई असू दे, उंबऱ्याबाहेर उभं राहून ‘आत ये म्हणा ना’ अशी विनवणी करायलाच लागते, आणि पिक्चरमध्ये हे नटूनथटून नाइटक्लबच्या दारात उभे राहतात तेव्हा बाउन्सरकडून आमंत्रण मिळवताना जी तारांबळ उडते ती बघा. विनोद नियमातून येतो. नियम वाकवला की तो जातो.

दुसरं, तुमचं भूत स्वतःवर हसतंय. हसू नका देऊ त्याला. नँडोर, लाझलो, नाद्या यांना आपण विनोदी आहोत हे माहीतच नाही, त्यांना आपला मान फार मोठा वाटतो. पहिल्या भागात त्यांचा वरिष्ठ येतो आणि विचारतो की तुम्हाला अमेरिका जिंकायला पाठवलं होतं, किती जिंकली? तर उत्तर येतं, आमची गल्ली, आणि शेजारच्या गल्लीचा थोडा भाग. हे ते हिशेब दिल्यासारखं सांगतात. आणि कपडे, सेट यात कंजुषी करू नका, जमेल तेवढं खरं करा. या मालिकेला २०२२ साली वेशभूषेचं एमी मिळालं ते उगाच नाही, कपडे खरे राजेशाही आहेत म्हणून त्यात झाडू हातात घेतलेला माणूस हसवतो. तुमच्याकडे पैसे नसतील तर एकच वस्तू खरी आणा. ती टूथपिक आठवा.

पाचव्या पानावरचा आजीचा संवाद मात्र सुंदर आहे, त्याला हात लावू नका.

प्रश्न : शेवट बघून फार राग आला. सहा सीझन जीव लावला आणि शेवटी काही घडलंच नाही.

घडलं की. डॉक्युमेंटरीवाले म्हणतात, आमचं पुरेसं शूटिंग झालं, आम्ही निघतो. आणि व्हॅम्पायरांना त्याचं काहीच वाटत नाही, कारण त्यांच्यावर याआधीही डॉक्युमेंटरी झालेली असते, १९५८ मध्ये, आणि तेव्हाही ते असेच बोलत होते, असेच भांडत होते. ते बदलणार नाहीत, शंभर वर्षांनीही तिथेच त्याच खुर्च्यांवर बसलेले असतील. हादरतो फक्त गिलेर्मो. कॅमेरा गेला की माझी गोष्ट संपली का, हा प्रश्न त्यालाच पडतो. नाद्या तर आपल्यालाच, म्हणजे प्रेक्षकांना संमोहित करते, की घ्या, तुम्हाला हवा तो शेवट बघा. गिलेर्मो नँडोरचा निरोप घेऊन निघतो, आणि त्यानंतरचा शेवटचा मिनिट मी इथे लिहीत नाही कारण बऱ्याच जणांनी अजून बघितला नाहीये. तुम्ही तो एकदा परत बघा. राग तसाच राहिला तर पुढच्या महिन्यात पत्र टाका, आपण त्यावर भांडू.

प्रश्न : सुरुवातीचं गाणं कुठलं आहे? डोक्यातून जात नाही.

‘यू आर डेड’, नॉर्मा टनेगा यांचं, १९६६ चं. पिक्चरमध्येही हेच होतं, मालिकेने तेच ठेवलं. माणसं सगळी बदलली, गाणं नाही बदललं. स्किपचं बटण दाबू नका, मागे जी जुनी चित्रं आणि फोटो सरकतात त्यात आपली मंडळी कुठल्या कुठल्या काळात दिसतात ते शोधत बसा, मला दर वेळी नवीन काहीतरी सापडतं.